उसन्या गळ्याचा नायक

ईलिंगमध्ये पोतनीसांच्या शेजारच्या घरात जे गृहस्थ राहायचे, त्यांना सगळा रस्ता मिस्टर रे म्हणून ओळखायचा. उंच, पाठीत ताठ, केस आणि मिशा न चुकता काळ्याभोर रंगवलेल्या. त्यांची बायको जीन डॉक्टर चंद्रशेखर पोतनीसांच्याच हॉस्पिटलमध्ये सिस्टर होती. मिस्टर रे कुठल्याशा रेस्टॉरंटमध्ये हेड वेटर होते आणि मूळचे स्पेनचे असावेत, असा लोकांचा समज होता. त्यांनी तो कधी दुरुस्त केला नाही.

१९८४ च्या हिवाळ्यात जीन गेली. त्यानंतर डॉक्टरांची बायको सुप्रभा त्यांना अधूनमधून डबा नेऊन द्यायला लागली. पहिल्याच खेपेला तिने डब्यात कडेला ठेचा घातला होता आणि मग दिवसभर तिच्या जिवाला लागून राहिलं, की म्हाताऱ्याला ठसका लागला तर काय. संध्याकाळी मिस्टर रे घासलेला डबा घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, की ती हिरवी चटणी आणखी आहे का. तिथून त्यांचं येणं-जाणं वाढलं. ते तिच्या गुलाबांची छाटणी करून द्यायचे, ती त्यांच्या कौन्सिलच्या पत्रांचा अर्थ लावून द्यायची. बोलणं सगळं इंग्रजीत. दोघांचंही इंग्रजी बाहेरून आलेलं, त्यामुळे एकमेकांना नीट कळायचं. ते तिला सेन्योरा म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. त्यांच्या घरात गाणं कधी वाजायचं नाही. रेडिओ असायचा, पण बातम्यांचा. सुप्रभा बागेत कपडे वाळत घालताना काही गुणगुणायला लागली, की कुंपणापलीकडचे मिस्टर रे कात्री ठेवून आत जायचे. त्यांना आपलं गाणं आवडत नसेल, असं समजून तिने ते बंद केलं.

सुप्रभाची मुलगी मंजिरी ईलिंगमध्येच जन्मलेली, वाढलेली. १९८८ मध्ये ती कॅमडेनच्या एका लहानशा सिनेमागृहात नोकरीला होती. तिथे जुने परदेशी चित्रपट दाखवायचे आणि त्यांचे कार्यक्रम ठरवणं हे तिचं काम. त्या वसंतात मेक्सिकोच्या जुन्या चित्रपटांचा आठवडा ठरला आणि एका शनिवारी ती भलंमोठं पोस्टर गुंडाळून घरी आली. ते तिने जेवणाच्या टेबलावर पसरलं. पोस्टरवर घोड्यावर बसलेला एक देखणा तरुण होता. रुंद काठाची टोपी, चांदीची बटणं लावलेलं घट्ट जाकीट, हसरे डोळे.

"आई, हे बघ. रामिरो ओल्वेरा. मेक्सिकोमध्ये फिफ्टीजमध्ये ह्याची केवढी क्रेझ होता. सिंगर आणि ॲक्टर, दोन्ही. सिक्स्टी-सेव्हनमध्ये एकदम गायब झाला. नोबडी नोज व्हाय. आता नीट बघ, हा कोण दिसते?"

सुप्रभाने चष्मा लावला. हनुवटीवरची खळी, एका बाजूला किंचित वाकडं हसू. ती काही बोलायच्या आत मंजिरी पोस्टर घेऊन शेजारी गेलीही होती.

ती दोन मिनिटांत परत आली. तिचा चेहरा उतरला होता. मिस्टर रेंनी दार उघडलं, पोस्टर पाहिलं आणि एक शब्द न बोलता दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुप्रभा माफी मागायला गेली. त्यांनी तिला आत घेतलं, चहा केला, आणि मग आपण होऊनच बोलायला सुरुवात केली. वीस वर्षांत त्यांनी हे फक्त जीनला सांगितलं होतं.

रामिरो ओल्वेरा हालिस्को प्रांतातल्या एका मोतद्दाराचा मुलगा. बापाबरोबर मालकाचे घोडे फिरवायला न्यायचा आणि तिथे माळावर मोठ्याने गायचा. ग्वादालाहाराच्या रेडिओवर गाण्याची स्पर्धा होती, तिथे त्याला एका मित्राने ओढत नेलं. त्याचा पहिला नंबर आला. रेडिओवरून तबकड्या निघाल्या, तबकड्यांवरून चित्रपट. त्या काळी मेक्सिकोत घोडेस्वार नायकांच्या चित्रपटांची लाट होती. नायकाने घोडा दौडवायचा, मारामारी करायची, आणि खिडकीखाली उभं राहून प्रेयसीसाठी गायचं. आणि गाणं त्याचंच असायला हवं, ही लोकांची अट होती. नुसत्या देखण्या चेहऱ्यांना ते भाव देत नसत. गायक आहे म्हणून तर तो नायक. रामिरोचा आवाज भरदार होता आणि वरच्या पट्टीत जाऊन तो मध्येच असा फाटायचा, की बायका डोळे पुसायच्या. पाच-सहा वर्षांत त्याचं नाव घराघरात झालं. लोक मुलांना त्याचं नाव ठेवायला लागले.

मग १९५८ मध्ये त्याचा गळा बसला. स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. बोलता यायचं, पण गायला तोंड उघडलं की घोगरा वारा निघायचा. तेव्हा त्याचा एक चित्रपट अर्धा झालेला होता. निर्मात्याने एक तोड काढली. पुएब्ला शहरातल्या एका चर्चमध्ये युसेबियो लुना नावाचा गायक होता. ठेंगणा, चेहऱ्यावर देवीचे व्रण, पण गळा थेट रामिरोचा. त्याला गुपचूप आणलं, गाणी म्हणवून घेतली, आणि रामिरोने पडद्यावर ओठ हलवले. कोणाला कळलं नाही. उलट ओल्वेराचा आवाज आजारपणानंतर जास्त गहिरा झाला, असं पेपरवाल्यांनी लिहिलं.

"एका चित्रपटापुरतं, असं ठरलं होतं," मिस्टर रे म्हणाले. "नऊ वर्षं चाललं."

मॉन्तेरे शहरात बैलांच्या झुंजीच्या मैदानात त्याचा जाहीर कार्यक्रम होता, त्याची हकिगतही त्यांनी सांगितली. रामिरो पांढऱ्या घोड्यावर बसून मैदानात आला. युसेबियोला घोड्यांच्या तबेल्याशेजारच्या एका बंद खोलीत मायक्रोफोन देऊन बसवलं होतं. भिंतीतल्या फटीतून त्याला रामिरो दिसायचा आणि त्याच्याकडे बघत तो गायचा. दुसऱ्या गाण्यात तबेल्यातली धूळ त्याच्या नाकातोंडात गेली आणि त्याला खोकला आला. सगळ्या कर्ण्यांतून खोकला ऐकू आला. घोड्यावरच्या रामिरोने तत्काळ छातीवर हात ठेवला आणि खोकल्यासारखं केलं. मग टोपी काढून हसला. लोकांनी हसून टाळ्यांचा कडकडाट केला, फुलं फेकली. कार्यक्रम संपल्यावर तो त्या खोलीत गेला तेव्हा युसेबियो घामाने निथळत बसला होता आणि तोही हसत होता. तुम्ही खोकलात फार छान, असं तो म्हणाला.

१९६७ मध्ये युसेबियो छातीच्या विकाराने गेला. रामिरो त्याच्या अंत्ययात्रेला गेला नाही. एका चर्चमधल्या गायकाला खांदा द्यायला एवढा मोठा नट का आला, असं कोणीतरी विचारलं असतं. त्याने फुलं पाठवली, तीही नाव न घालता. त्यानंतर त्याच्याकडे आवाजच उरला नव्हता. ओल्वेरा कीर्तीच्या शिखरावर असताना निवृत्त होत आहेत, असं कंपनीने जाहीर केलं. तो स्पेनला गेला, तिथे घोड्यांच्या चित्रपटांत मागे उभं राहण्याची कामं केली. सुट्टीवर आलेली जीन त्याला तिथेच भेटली, आणि रामिरोचा मिस्टर रे होऊन तिच्याबरोबर तो इंग्लंडला आला.

हे सगळं सांगताना त्यांनी एकदाही सुप्रभाकडे पाहिलं नाही. आणि सुप्रभाला मात्र, सगळं ऐकून झाल्यावर, हसू आलं. एवढंच? तिला वाटलं होतं, यांनी कोणाचा तरी खून केला असणार.

ती म्हणाली, "मिस्टर रे, आमच्याकडे सगळे हीरो हेच करतात. एकही स्वतः गात नाही. ह्यात लाज कसली?"

त्यांना ते खरं वाटेना. तेव्हा ती घरी गेली आणि हिंदी चित्रपटाची एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आली. दोघं पडदे ओढून बघत बसले. नायक बागेत गात होता, नायिका झाडाला रेलून गात होती. सुप्रभा सांगत होती, ह्याचा आवाज अमक्याचा, हिचा तमकीचा, आणि ही गोष्ट पानवाल्यालासुद्धा माहीत असते. मिस्टर रे पुढे वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेसारखं काहीतरी यायला लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, की पानवाल्याला हे कसं कळतं?

तिने कॅसेट मागे नेली आणि सुरुवातीची श्रेयनामावली लावली. पडद्यावर अक्षरं आली तिथे बोट ठेवून ती म्हणाली, "हे बघा, इथे लिहिलेलं असतं. प्लेबॅक सिंगर्स. मग नावं."

"नाव लिहितात?" मिस्टर रेंनी विचारलं.

"हो. मोठ्या अक्षरांत. कधीकधी लोक पिक्चरला त्या नावासाठी जातात."

मिस्टर रे त्या अक्षरांकडे बघत राहिले, ती सरकून गेली तरी बघत राहिले. सुप्रभाला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. दुसऱ्याचा गळा वापरण्यात लाज नव्हती, हे दाखवायला ती आली होती, आणि लाज नेमकी कुठे होती, त्यावर तिनेच बोट ठेवलं होतं. तिला उठून जावंसं वाटलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की तुम्हाला ह्यातलं एवढं कसं माहीत? आणि त्यांना एकट्याला शरमेत सोडून जाणं बरं दिसेना, म्हणून असेल, पण सुप्रभाने जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. लग्नाआधी ती मुंबईत चित्रपटांच्या कोरसमध्ये गायची. पाच-सहा मुलींनी एका माइकभोवती उभं राहायचं आणि मुख्य गायिकेच्या मागे सूर भरायचे. कोरसमधल्या मुलींचं नाव कुठे येत नसे, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही. मग पुण्याच्या पोतनीसांचं स्थळ आलं. मुलगा डॉक्टर, विलायतेला जाणारा. सासऱ्यांनी एकच अट घातली, की मुलगी सिनेमात गायची हे कोणापाशी बोलायचं नाही, घरात पुढे मुलं होतील त्यांच्यापाशीही नाही. तिने मान हलवली. "मला रडूसुद्धा आलं नाही," ती म्हणाली. "ह्याचीच मला जास्त लाज वाटते. इतक्या पटकन हो म्हटलं मी."

ह्यानंतर आठवडाभराने मिस्टर रेंनी मंजिरीला सांगितलं, की ते चित्रपटाला येतील आणि नंतर प्रेक्षकांशी बोलतीलही. मंजिरीला आभाळ ठेंगणं झालं. तिने जाहिराती केल्या, पत्रकारांना फोन केले, मेक्सिकोच्या वकिलातीला कळवलं. ते आयत्या वेळी काय बोलणार आहेत, ते सुप्रभाला माहीत होतं. त्यांनी ते तिला सांगितलं होतं आणि मुलीला सांगू नका म्हणून विनवलं होतं. सुप्रभा गप्प राहिली. गप्प राहण्याची तिला सवय होती.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. मिस्टर रे काळा सूट घालून आले. सिनेमागृह भरलं होतं. बरेचसे इंग्रज, काही विद्यार्थी, आणि पुढच्या रांगांमध्ये लंडनमध्ये राहणारी मेक्सिकन मंडळी. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी आत येताच मिस्टर रेंचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या लग्नात ह्याच चित्रपटातलं त्यांचं गाणं वाजलं होतं, असं त्यांना सांगितलं. मिस्टर रेंनी मान खाली घातली. बाईंना तो विनय वाटला.

चित्रपट सुरू झाला. सुप्रभाने तो पहिल्यांदाच पाहिला. ज्या गाण्यासाठी तो प्रसिद्ध होता ते शेवटाकडे यायचं. आईचं घर सोडून निघालेला घोडेस्वार उंबऱ्यापाशी थांबतो आणि गातो. त्याचा चेहरा पडदाभर दिसत होता. सुप्रभाने स्टुडिओत काम केलेलं, तिची नजर आपोआप ओठांवर गेली. एक अक्षर पुढेमागे नव्हतं. आणि नुसते ओठ नव्हेत. जिथे आवाज श्वास घ्यायचा, नेमका तिथे पडद्यावरच्या माणसाचा गळा हलायचा, छाती भरायची. इतकं कोणी करत नसे. कॅसेटवरच्या बागेतल्या नायकाने तर नव्हतंच केलं. आवाजही असा होता, की त्यातला एक शब्द न कळता तिचे डोळे भरून आले. तिने शेजारी पाहिलं. मिस्टर रे डोळे मिटून बसले होते.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. मंजिरी त्यांना मंचावर घेऊन गेली, दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. तिने पहिलाच प्रश्न गाण्याबद्दल विचारला, आज इतक्या वर्षांनी ते गाणं ऐकताना काय वाटतं?

"ते गाणं मी म्हटलेलं नाही," मिस्टर रे म्हणाले.

लोक कौतुकाने हसले. ती मोठ्या कलावंताची बोलायची रीत असावी, असं त्यांना वाटलं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मंजिरीही हसली आणि म्हणाली, की हो, कलाकार म्हणतात तसं, गाणं आपल्यातून वाहत येतं.

मिस्टर रेंनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. युसेबियो लुना, असं नाव त्यांनी घेतलं, पुन्हा घेतलं, पण त्यांचं इंग्रजी अडखळायला लागलं. मागून एका तरुणाने विनंती केली, की दोन ओळी गाऊन दाखवा. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. मिस्टर रे उठून उभे राहिले. त्यांनी मायक्रोफोन बाजूला सारला आणि ते गायले.

त्या आवाजाला आवाज म्हणणंही कठीण होतं. कोरड्या पानांवरून काही फरफटत न्यावं तसा घोगरा वारा, मध्येच एखादा सूर, तोही खाली पडणारा. तो माणूस थांबला नाही. ज्या ठिकाणी चित्रपटात आवाज वर चढला होता तिथे त्याने मान वर केली, आणि काहीच आलं नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं. ठेका केव्हाच थांबला होता. लोक आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. सुप्रभानेही मान खाली घातली. आपल्या माणसाची लाज वाटावी तशी तिला वाटली, आणि तशी वाटल्याची आणखी लाज वाटली.

दोन ओळी संपवून मिस्टर रे स्पॅनिशमध्ये बोलले. पुढच्या रांगांना सगळं कळलं. लग्नातल्या गाण्याची गोष्ट सांगणाऱ्या बाई उठल्या, पर्स छातीशी धरून दाराकडे गेल्या. दारापाशी त्या वळून काहीतरी म्हणाल्या. त्याचा अर्थ सुप्रभाला नंतर मिस्टर रेंनी सांगितला: नवरा गेला, आता एवढं एक गाणं राहिलं होतं, तेही खोटं निघालं.

घरी न्यायला डॉक्टर पोतनीस गाडी घेऊन आले होते. मिस्टर रे मागे काचेला डोकं टेकून बसले होते. त्यांना मराठी कळत नाही म्हणून मंजिरी आईवर मराठीत चिडली.

"तुला माहीत होता. तू मला सांगितला नाही. मी स्टेजवर मूर्खासारखी हसत होते. आई, व्हाय डू यू हाइड थिंग्ज?"

सुप्रभाने तिला सांगितलं, मुंबईतलं, कोरसमधलं, सगळं. मंजिरीचा राग कुठच्या कुठे गेला. गाडी चालवणाऱ्या डॉक्टरांनी आरशात पाहिलं नाही. पुढच्या सिग्नलपाशी ते म्हणाले, "बाबांनी अट घातली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मला तुझं गाणं आवडायचं. मी काही बोललो नाही." एवढं बोलून त्यांनी गिअर टाकला. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा विषय त्यांच्यात पहिल्यांदाच निघाला होता, आणि त्या दिवशी पुढे गेला नाही.

मेक्सिकोतल्या पेपरांत बातमी आली. कोणी रामिरोला ढोंगी म्हटलं, कोणी म्हातारपणी प्रसिद्धीसाठी केलेला उपद्व्याप म्हटलं. त्यांच्या गावी एका चौकाला त्यांचं नाव होतं, ते बदलायचं घाटत होतं, असंही मंजिरीच्या कानावर आलं. मिस्टर रे बागेत येईनासे झाले. केसांना रंग लावणं त्यांनी सोडलं आणि महिन्याभरात ते एकदम म्हातारे दिसायला लागले. सुप्रभाने डबा नेला तर तो दारातच घ्यायचे.

मग एके दिवशी सिनेमागृहात पुएब्लाहून फोन आला. युसेबियो लुनाची मुलगी कोन्सुएलो बोलत होती. तिला रामिरो ओल्वेरांचा नंबर हवा होता. मंजिरीने त्यांना विचारून तो दिला आणि ठरलेल्या वेळी आईला त्यांच्याकडे पाठवलं, कारण ते एकटे बसून तो फोन घेणार नाहीत, अशी तिला भीती होती. सुप्रभा सोफ्याच्या कडेला बसून राहिली. मिस्टर रे उभ्यानेच बोलत होते, किंवा ऐकत होते. फार वेळ ऐकत होते. रिसीव्हर ठेवल्यावर त्यांनी तिला सांगितलं.

युसेबियोच्या घरी सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. नवा चित्रपट लागला की तो मुलांना घेऊन जायचा आणि गाणं सुरू झालं की अंधारात त्यांचे हात दाबायचा. त्याला त्याची कधी लाज वाटली नाही. उलट एवढ्या उंच देखण्या माणसाच्या तोंडी आपला आवाज शोभतो, असं तो म्हणायचा. घरच्यांचा राग होता, पण तो गाण्यांवरून नव्हताच. "ती म्हणाली," मिस्टर रेंनी सांगितलं, "आईने अंत्ययात्रा थांबवून धरली होती. पाद्री घाई करत होते. आई म्हणत होती, थांबा, रामिरो येतील."

कोन्सुएलोचं मागणं एकच होतं. आई थकली आहे, तिला भेटून जा.

तरी त्यांना जायला तीन वर्षं लागली. कधी तब्येत, कधी हवा, कधी पासपोर्ट. कारणं खरी असायची आणि सुप्रभाला ती सगळी ओळखू यायची. शेवटी १९९१ च्या शरदात ते गेले आणि महिन्याने परत आले. संध्याकाळी सुप्रभा चहा घेऊन गेली. त्यांनी बॅग अजून उघडली नव्हती.

त्या बाईंचं नाव रेफुखियो. वय ऐंशीच्या पुढे, वेणी कमरेपर्यंत, नजर शाबूत. त्यांनी मिस्टर रेंना घरात घेतलं, घोटलेलं चॉकलेट प्यायला दिलं, आणि समोर बसून त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा मिस्टर रेंनी त्यांना अशी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी सुप्रभालाच काय, जीनलाही सांगितली नव्हती. ओठ जुळावेत म्हणून ते युसेबियोचा श्वास पाठ करायचे. तो कुठे घेतो, किती घेतो, कुठे सोडतो. शेवटच्या चित्रपटाची गाणी आली तेव्हा तो श्वास आखूड झाला होता. जिथे एका दमात ओळ जायची तिथे तो दोनदा थांबत होता. डॉक्टरांच्या आधी, बायकोच्याही आधी रामिरोला कळलं होतं, की ह्या माणसाच्या छातीत काहीतरी आहे. पण चित्रपट अर्धा राहिला होता. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ते आरशासमोर बसून आखूड श्वास पाठ करत राहिले.

सुप्रभाच्या हातातला कप तसाच राहिला. 

"मग त्या काय म्हणाल्या?" तिने शेवटी विचारलं.

"उठून त्यांनी शाल घेतली आणि म्हणाल्या, चला, बाजारात जायचंय."

त्या त्यांना बाजारात घेऊन गेल्या. रविवार होता, गर्दी होती. प्रत्येक ओळखीच्या दुकानापाशी त्या थांबत. मिस्टर रेंच्या कोपराला धरून त्यांना पुढे करत आणि सांगत, "माझ्या नवऱ्याच्या गाण्यांत ज्यांनी काम केलं ना, ते हे." मिरच्या विकणाऱ्याला, पाववाल्याला, मेणबत्त्यांच्या दुकानातल्या बहिणींना, सगळ्यांना तेच वाक्य. आवाज चढवला नाही की टोमणा मारला नाही. मिस्टर रे टोपी हातात घेऊन प्रत्येक ठिकाणी उभे राहिले. काहींनी त्यांना ओळखलं आणि नजर वळवली. एका जाड्या खाटकाने तोंडावर सांगितलं, की तुमची शरम वाटते. त्यांनी मान हलवून हो म्हटलं. कारण तो बरोबर बोलत होता.

"मी कधीच असा चाललो नव्हतो," ते म्हणाले. "गर्दीतून जायचो तेव्हा लोक माझे हात धरायचे. त्या दिवशी मी त्या बाईंची पिशवी धरली होती."

बाजाराच्या टोकाला एक फळवाली बसली होती, रेफुखियोबाईंच्याच वयाची. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांनी ते वाक्य दोनदा म्हटलं. फळवालीने मिस्टर रेंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. तीसेक वर्षांपूर्वी रामिरो ओल्वेरा बाजारात आले असते तर ती अशीच उठली असती, म्हणून त्यांनी सवयीने तिला थांबवायला हात पुढे केला.

"पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, सेन्योरा," मिस्टर रे म्हणाले. "ती त्या बाईंसाठी उठली होती."